मानपत्र आधी लिहा, नावं नंतर ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात सिस्टरांनी चालवलेलं छोटं कॅथलिक कॉलेज आहे, पुढच्या वर्षी रौप्यमहोत्सव आहे आणि व्यवस्थापनानं 'यशस्वी माजी विद्यार्थी व देणगीदार सत्कार' तुमच्या गळ्यात घातला आहे. यादी आत्ताच तिशीच्या पुढे गेली आहे. त्यात एक बांधकाम व्यावसायिक आहेत. ते तुमचे माजी विद्यार्थी नाहीत, पण ग्रंथालयासाठी त्यांनी मोठी रक्कम दिली, आणि त्यांना 'जीवनगौरव' द्यावा असं काही विश्वस्तांचं म्हणणं आहे. निवड कशी करायची, किती जणांना बोलवायचं, द्यायचं काय, आणि कुणाला न दुखावता हे सगळं पार कसं पाडायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

सोलापुरातच माझी नोकरी गेली. शिकवता शिकवता माजी विद्यार्थी संघाचं काम अंगावर आलं ते निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. मी ख्रिस्ती नाही, पण मिशनरी संस्थांमधून असे कार्यक्रम बसवून दिले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या संस्थेची घटना, सिस्टरांच्या संघाचे नियम, पुण्याच्या धर्मप्रांताच्या काही सूचना असतील तर त्या आधी बघा. त्या माझ्या सल्ल्याच्या वर.

तुमची अडचण निवडीची आहे असं तुम्हाला वाटतंय. मला ती वेगळी दिसते. व्यवस्थापनानं दोन कामं एका ताटात वाढली आहेत. माजी विद्यार्थ्याचा सत्कार हा कॉलेजनं दिलेला निवाडा असतो: या माणसानं जे केलं ते आम्हाला मोलाचं वाटतं. देणगीदाराचे आभार हे देणं असतं. तिथे निवाडा नाही, आपण घेतलं म्हणून आपण ऋणी आहोत. दोन्ही एकाच व्यासपीठावर, एकाच शालीत आणि एकाच स्मृतिचिन्हात उरकलं की माजी विद्यार्थ्याला वाटतं आपल्याकडून आता देणगीची अपेक्षा आहे, आणि देणगीदाराला वाटतं आपण पुरस्कार विकत घेतला असं लोक म्हणतील. लोक म्हणतातही. सोलापुरात असली गोष्ट बाळीवेशीतून निघून सात रस्त्याला पोचायला वेळ लागत नाही.

यावर कॅथलिक परंपरेतच फार जुनं आणि शहाणं उत्तर आहे. इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात येशूसंघाची, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाची, घटना लिहिली. तिच्या चौथ्या भागाचा पहिला अध्याय याच विषयावर आहे: कॉलेज उभारायला ज्यांनी मदत केली त्यांची आठवण कशी ठेवायची. दर आठवड्याला त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करायची. शिवाय कॉलेजची मालमत्ता ताब्यात मिळाली त्या तारखेला, दरवर्षी, संस्थापकाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला एक मेणबत्ती द्यायची. आणि तिथेच खुलासा केला आहे की ही मेणबत्ती कृतज्ञतेची खूण आहे, कॉलेजवर किंवा त्याच्या मालमत्तेवर कसला हक्क असल्याची नाही. साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वी त्यांना हे लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणजे देणगीदार आणि विश्वस्त तेव्हाही आजच्यासारखेच असणार. तुमच्या सिस्टर वेगळ्या संघाच्या असतील, पण हा दाखला त्यांना पटेल. विश्वस्तांच्या बैठकीत तुमच्या मतापेक्षा याचं वजन जास्त पडेल, म्हणून सांगितला.

तर त्या बांधकाम व्यावसायिकांचं काय करायचं? जीवनगौरव देऊ नका. त्याऐवजी प्राचार्या आणि खजिनदार यांनी त्यांच्याकडे स्वतः जावं, निरोप्या पाठवू नये. किती रक्कम आली, कपाटांना किती लागली, पुस्तकांना किती, काही शिल्लक आहे का, याचा एक पानी हिशेब हातात द्यावा. मग त्यांना सहकुटुंब ग्रंथालयात बोलवावं, तेही कार्यक्रमाच्या दिवशी नाही, एखाद्या साध्या दुपारी, मुली अभ्यासाला बसलेल्या असताना. तिथे बसून अभ्यास करणारी, बार्शीहून किंवा अक्कलकोटहून येणारी एखादी मुलगी त्यांच्याशी दहा मिनिटं बोलली तर पुरे. भाषण नको. नावाची पाटी लावायचं ठरलं असेल तर तिचा आकार, जागा, मजकूर आणि किती वर्षं राहणार हे लेखी करून घ्या. पाट्यांची भांडणं पुढच्या पिढीत होतात. मी पाहिलेले बहुतेक देणगीदार हिशेबाच्या कागदानं जितके सुखावतात तितके शालीनं सुखावत नाहीत. व्यापारी माणसाला आपला पैसा कुठे गेला हे कुणी न मागता सांगितलं, याचं फार अप्रूप असतं.

'हितचिंतक' म्हणून स्वतंत्र सन्मान ठेवायचाच असेल तर त्यातून पैसा बाहेर काढा. कॉलेज उभं राहिलं ते कुणाच्या जिवावर, याची आठवण जुन्या शिपायाला आणि कार्यालयातल्या बाईंना विचारा. वसतिगृह नव्हतं तेव्हा खेड्यातल्या मुलींना घरात ठेवून घेणाऱ्या शेजारच्या काकू, गणवेश उधारीवर शिवून देणारे शिंपी, निवृत्त झाल्यावरही फुकट इंग्रजी शिकवायला येणारे सर. अशी दोन नावं निघाली की देणगीदारांच्या रांगेचा प्रश्नच सौम्य होतो. हितचिंतक म्हणजे चेक देणारा, हे समीकरण मोडतं. या लोकांत आयुष्यभर चर्चची सेवा केलेला एखादा कॅथलिक प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेला माणूस, असेल तर त्याच्यासाठी १८८८ पासून चालत आलेलं 'प्रो एक्लेसिया एत पोंतिफिचे' हे पोपचं पदक आहे. ते कॉलेजच्या हातात नाही, बिशपांमार्फत शिफारस जाते. सिस्टरांच्या कानावर घालून ठेवा.

आता माजी विद्यार्थी. 'यशस्वी' म्हटलं की समितीत पहिली तीन नावं येतात डॉक्टर, अधिकारी आणि नगरसेवक. आपल्याच गावचं उदाहरण घ्या. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. दवाखाना नाही, बंगला नाही, पद म्हणावं तर रणभूमीजवळच्या रुग्णालयाचं. १९४२ च्या नोव्हेंबरात कुणी 'यशस्वी माजी विद्यार्थ्यां'ची यादी केली असती तर त्यांचं नाव सुचायला कुणीतरी फार डोळस माणूस समितीत असावा लागला असता. तुमच्या समितीत तसा एक तरी हवा. माझा अनुभव असा की तो बहुधा प्राध्यापक नसतो, कार्यालयातला जुना कारकून असतो. त्याला कोण कुठे आहे, कुणी फी कशी भरली, कोण परत येऊन कुणाची फी भरून गेलं, हे सगळं पाठ असतं.

निवडीसाठी मी गुणांकन वगैरे करत नाही. पदाला दहा गुण, समाजसेवेला दहा, असले तक्ते कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला शोभतात, पण त्यातून नेहमी तेच चेहरे निघतात. माझी पद्धत म्हणजे मानपत्र आधी लिहायचं. प्रत्येक नावासाठी समितीतल्या एकानं दीडशे शब्दांचा मजकूर तयार करायचा, एकही विशेषण न वापरता. काय केलं, कुठे, कुणासाठी, आणि कॉलेजशी त्याचा धागा काय, एवढंच. मजकूर भरला नाही तर ते नाव यंदा बाजूला. भांडण करावं लागत नाही, कागदच निकाल देतो.

उदाहरण देतो, काल्पनिक आहे. नेहमीचं मानपत्र असं असतं: 'आपल्या अथक परिश्रमाने व उत्तुंग कर्तृत्वाने महाविद्यालयाच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवणाऱ्या…' यात नाव बदला, कुणालाही चालतं. आता हे बघा: '२००९ साली आपण या महाविद्यालयातून बी.कॉम. झालात. विडी घरकुलात घराच्या ओट्यावर बसून आपण रोज संध्याकाळी विडी कामगार महिलांचे भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज भरून देता. आधार कार्डावर लक्ष्मीबाई आणि कारखान्याच्या नोंदीत लक्ष्मी, एवढ्या फरकाने अडकलेले पैसे आपण सोडवून आणता. याचे आपण पैसे घेत नाही.' हे वाचून झाल्यावर टाळ्या कशासाठी वाजवायच्या हे सभागृहातल्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतं. आणि तिला हेही कळतं की बी.कॉम. करून असंही काही करता येतं.

एक सावधगिरी मात्र हवी. मानपत्रात गरिबी घालायची असेल तर आधी विचारा. 'आईने विड्या वळून शिकवलं' हे एखादी ताठ मानेनं सांगते, दुसरीच्या सासरी ते माहीतही नसतं. मजकूर छापायच्या आधी त्या व्यक्तीला संपूर्ण वाचून दाखवायचा. तारखा आणि पदंही तेव्हाच तपासून होतात.

शोधायचं कुठे, तर जनरल रजिस्टरमध्ये. सामाजिक माध्यमांवर 'आपल्या माजी विद्यार्थ्यांची नावं सुचवा' असं टाकलंत तर जे तिथे बोलतात त्यांचीच नावं येतात. मुलींच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो: रजिस्टरमध्ये माहेरचं आडनाव, आज जग ओळखतं ते सासरचं. त्यामुळे कर्तबगार मुली यादीतून गळतात आणि यादी पुरुषांनी भरते. प्रत्येक तुकडीतली एक बोलकी मैत्रीण शोधा, तिच्यासमोर रजिस्टरचं पान ठेवा. 'ही गुर्रम? ती आता हैदराबादला असते, बधिर मुलांच्या शाळेत आहे.' एका दुपारी अशी पाच-सहा माणसं सापडतात. याच कामातून माजी विद्यार्थ्यांची नोंद अद्ययावत होते, आणि नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग विचारतात तिथे दाखवायला खरं काहीतरी मिळतं.

कॅथलिक कॉलेज म्हणून एक निकष मात्र आधी लेखी ठरवावा लागेल. सन्मान फक्त कॅथलिकांना का? माझ्या मते नाही. तुमच्याकडे बहुसंख्य मुली लिंगायत, पद्मशाली, मुस्लिम, मराठा, बौद्ध घरांतल्या असणार, त्या सगळ्या तुमच्याच. पण ज्याच्या कामाचा कॉलेजच्या श्रद्धेशी उघड विरोध आहे अशा माणसाचा सन्मान करायचा का, हा प्रश्न आज ना उद्या येतो. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात तो फार मोठ्यानं आला. तिथे १८८३ पासून कॅथलिक व्यक्तींना 'लेटारे' पदक देतात. २००९ मध्ये ते कायद्याच्या प्राध्यापक मेरी ॲन ग्लेंडन यांना जाहीर झालं होतं. त्याच समारंभात राष्ट्राध्यक्ष ओबामांना मानद पदवी देणार हे कळल्यावर, गर्भपाताच्या प्रश्नावरची ओबामांची भूमिका आणि अमेरिकन बिशपांनी २००४ मध्ये केलेलं निवेदन पुढे करून ग्लेंडन यांनी पदक नाकारलं. बिशपांचं म्हणणं असं होतं की मूलभूत नैतिक तत्त्वांच्या विरोधात वागणाऱ्यांना कॅथलिक संस्थांनी सन्मान देऊ नयेत. कुणाची बाजू बरोबर यावर तिथे अजून वाद घालतात, त्यात आपण पडायला नको. आपल्या कामाचं एवढंच, की नियम नाव पुढे येण्याआधी ठरला तर तो नियम असतो, नाव आल्यावर ठरला तर तो अपमान होतो. सिस्टरांच्या प्रॉव्हिन्शियलांकडून, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांकडून, दोन ओळी आत्ताच घेऊन ठेवा. त्यातच आणखी दोन कलमं टाका: निवडणुकीला उभा असलेला किंवा उभा राहण्याच्या बेतात असलेला माणूस त्या वर्षी नाही, आणि समितीतल्या कुणाचा नातेवाईक असेल तर त्यानं त्या चर्चेत बसायचं नाही. दुसरं कलम सोलापुरात जरा जड जातं, सगळेच कुणाचे ना कुणाचे पाहुणे निघतात, पण ठेवा.

किती जण? पाच. मानपत्र वाचायला दोन मिनिटं, सत्कार आणि फोटो एक, उत्तराची दोन-तीन. पाच जणांना अर्धा तास जातो. तीस जणांना बोलावलंत तर मानपत्र वाचताच येत नाही, नुसती नावं पुकारली जातात, आणि पंधराव्या शालीला मागच्या रांगा कँटीनमध्ये असतात. उरलेली नावं वाया जात नाहीत. दरवर्षी तीन-तीन करा, रौप्यमहोत्सव ही फक्त सुरुवात. दिवंगतांपैकी एक नाव जरूर घ्या. घरच्यांना बोलवा, त्यांच्याकडून भाषणाची अपेक्षा ठेवू नका.

व्यासपीठावर सत्कारमूर्ती, प्राचार्या, प्रमुख पाहुणे. बस. विश्वस्त, देणगीदार, नगरसेवक पहिल्या रांगेत, त्यांच्या खुर्च्यांवर नावं लावून. आणि सूत्रसंचालन करणाऱ्यानं आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून नावाचा उच्चार विचारावा. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड आडनावं भरपूर, आणि ज्याच्या गौरवासाठी सगळे जमले त्याचंच आडनाव माइकवर चुकतं. मानपत्र त्याला शिकवलेल्या शिक्षकानं वाचावं, तेही शक्य तर निवृत्त शिक्षकानं.

द्यायचं काय? शाल आणायची तर ती लुधियानाची कशाला? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. एखाद्या जुन्या कारखानदाराकडून चांगल्या वजनाची चादर घ्या, ती माणूस वापरतो. धातूचं स्मृतिचिन्ह मात्र माळ्यावर जातं. नारळाबद्दल सिस्टरांना विचारा, बहुतेकींना तो इथल्या रीतीचा भाग म्हणून चालतो. औक्षण आणि कुंकू मात्र कार्यक्रमातून काढा, आणि ते धर्माच्या कारणानं नाही. पाच सत्कारमूर्तींत एक विधवा असते, एक मुस्लिम असते, आणि ताट घेऊन उभी असलेली मुलगी ऐन वेळी हात आखडता घेते. सगळ्या सभागृहासमोर घडणारी ती दोन सेकंदं कुठल्याही मानपत्रानं भरून निघत नाहीत.

मिस्सा ठेवायची तर ती सकाळी, चॅपलमध्ये, ज्यांना यायचं त्यांच्यासाठी, आणि सत्कार नंतर सभागृहात. मिस्सेमध्येच सत्कार घुसडला की कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, वेळी बिगरख्रिस्ती पाहुणे अवघडतात. बसून राहायचं की रांगेत जायचं, कुणाला विचारावं कळत नाही. रविवारी सकाळी नऊची वेळ देऊ नका, पॅरिशची मंडळी तेव्हा चर्चमध्ये असतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळही टाळा. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी बाहेरगावचे सोलापूरकर घरी येतात म्हणून तो मुहूर्त मोहात पाडतो, पण त्या आठवड्यात कुणाचं मन कॉलेजात नसतं. नाताळच्या सुट्टीतली २७ किंवा २८ डिसेंबर मला त्यातल्या त्यात बरी वाटते. पुण्याहून येणाऱ्यांचाही विचार करा. हुतात्मा काय किंवा वंदे भारत काय, सकाळी सोलापूरहून सुटते आणि रात्री परतते, म्हणजे आपल्याला सोयीची, त्यांना उलटी. कार्यक्रम सकाळी अकराला ठेवला तरी त्यांना आदल्या रात्री यावं लागतं. मुक्कामाची सोय कोण बघणार हे निमंत्रणातच लिहा.

पैशाचं थोडक्यात, बाकी तुमच्या सीएंना विचारा. देणगीवरची आयकराची सवलत (जिला ८०जी म्हणतात) दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला मिळत नाही, म्हणून पावतीपुस्तक घेऊन दारात बसू नका, चेक किंवा ऑनलाइन घ्या आणि पॅन नोंदवा. परदेशातले माजी विद्यार्थी पाठवायला तयार असतील तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम वेगळी आणि अमेरिकन नागरिक झालेल्या मुलीची वेगळी. दुसरी परकीय देणगी धरली जाते, मग ती मुलगी मंगळवेढ्याची का असेना. त्यासाठी परकीय देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. सिस्टरांच्या संघाकडे नोंदणी असेल, पण ती कॉलेजला आपोआप लागू होते असं धरून चालू नका.

व्यवस्थापन तुम्हाला शेवटी विचारणारच, यातून देणगी किती येईल? त्या दिवशी काही नाही, असं सरळ सांगा. सभागृहात आवाहन नको, खुर्चीवर पाकीट नको, पुढचे दोन-तीन महिने सत्कारमूर्तींना त्या कारणानं फोनही नको. त्यांना वर्गावर बोलवा. भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज भरणारी ती मुलगी तिसऱ्या वर्षाच्या वाणिज्यच्या वर्गात येऊन एक खरा अर्ज फळ्यावर भरून दाखवेल तर त्यासाठी तिला जाण्या-येण्याचं भाडं तुम्ही द्या.